नाशिकचा पगार ठरवताना नंबिओ कितपत उपयोगी पडते?

पुणे सोडून नाशिकला परतू पाहणाऱ्या डेव्हलपरला पगार किती मागावा हा प्रश्न पडला, की नंबिओ हे संकेतस्थळ हाताशी येते. 2009 पासून चालणारी ही सेवा वापरकर्त्यांनी भरलेल्या किमतींवर उभी आहे. न्यूयॉर्कला 100 मानून ती शहरांच्या राहणीखर्चाचे निर्देशांक काढते आणि एका शहरातील मासिक रकमेत जसे राहता येते, तसेच दुसऱ्या शहरात राहायला किती समतुल्य रक्कम लागेल, तेही सांगते. दूध, तांदूळ, वीजबिल, बसचा पास यांचे दर वेगवेगळे पाहता येतात, आणि तिचे खरे मोल या तक्त्यातच आहे.

घरभाड्याच्या ओळी मात्र नाशिककराने जपून वाचाव्यात. तेथे शहराचा मध्यभाग आणि त्याबाहेरचा परिसर असे दोनच भाग आहेत. आपल्याकडे मध्यभाग म्हणजे रविवार कारंजा, मेन रोडचा जुना नाशिक. आयटीतली मंडळी घर शोधतात ती गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडे. शिवाय हिशेब दोन्ही शहरांत भाड्याने राहण्याचा असल्यामुळे आईवडिलांच्या घरी परतणाऱ्याला तो लागूच पडत नाही.

माझा मुख्य आक्षेप त्या समतुल्य रकमेला आहे. समजा, पुण्यात 1,00,000 रुपये हातात येतात आणि 60,000 खर्च होतात. नाशिकचा खर्च पाऊणपट धरला, तर समतुल्य पगार 75,000 ठरतो. त्यातून 45,000 खर्च होऊन 30,000 उरतात, म्हणजे राहणीमान तेच राहूनही बचत दरमहा 10,000 रुपयांनी घटते. लॅपटॉप किंवा मोबाइल नाशिकमध्ये पाऊणपट किमतीत मिळत नाही, आणि व्यवसाय करही दोन्हीकडे वर्षाला 2,500 रुपयेच आहे. बचत पूर्वीइतकी राखायची, तर 85,000 हातात यायला हवेत, आणि बोलणी करताना हाच आकडा धरावा, असे मी आग्रहाने सांगेन. ठिकाणानुसार पगार असावा का, यावर कंपन्यांतही एकमत नाही: गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीने पगार ठरवताना ठिकाणाचा गुणक उघडपणे वापरला, तर बेसकॅम्प हे कामाच्या नियोजनाचे सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कंपनीने, कर्मचारी कुठेही राहो, सॅन फ्रान्सिस्कोचा बाजारभाव प्रमाण मानला.

ही तुलना कर कापल्यानंतरच्या रकमेची असते, म्हणून जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांनी एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता, वेगळा तपासावा. त्याच्या करसवलतीची एक मर्यादा मुंबईत मूळ वेतनाच्या 50 टक्के आहे, तर नाशिकमध्ये 40 टक्के.