बोच्ची सेट: टाइमपासला ठीक, मॅचच्या प्रॅक्टिसला नको (5 पैकी 2 स्टार)

हा सेट लेकीसाठी ऑनलाइन मागवला. ती 19 वर्षांची आहे, बौद्धिक अक्षमता आहे आणि स्पेशल ऑलिम्पिक्सच्या स्पर्धांमध्ये बोच्ची खेळते (नाव ऐकून आमच्याकडेही आधी सगळे हसलेच). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक छोटा बॉल टाकायचा, त्याला पॅलिना म्हणतात, आणि मग आपले मोठे बॉल त्याच्या जितके जवळ जातील तितके न्यायचे. आमच्याकडे पॅलिनाचं नाव "पिल्लू" आहे.

पॅकिंग मस्त, बॅगेची चेन आठवड्यात गेली ते सोडा. खरा घोळ साइझचा. पेजवर "प्रोफेशनल" लिहिलंय पण बॉल निघाले 90 मिमीचे, किचनच्या काट्यावर एकेक जेमतेम साडेपाचशे ग्रॅम. स्पर्धेत 107 ते 110 मिमीचा लागतो आणि तो जवळपास किलोभर भरतो. मला तेव्हा कुठे माहीत, आम्ही दोन महिने पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी ह्याच्यावरच प्रॅक्टिस केली आणि सिलेक्शनला मोठा बॉल हातात आल्यावर तिचे पहिले तिन्ही थ्रो निम्म्यातच थांबले, माझ्याकडे वळून म्हणाली "आई, हा जड आहे". काय बोलणार.

दुसरं म्हणजे रंग. चार रंग, प्रत्येकी दोन बॉल. सिंगल्सला एकाच रंगाचे चार लागतात. हिला लाल म्हणजे माझे एवढं पक्कं, मग उरलेले दोन कुठून आणू, शेवटी पिवळ्यांना लाल नेलपॉलिश फासलं, ते फरशीवर घासून दोन दिवसांत निघालं.

खाली एकाने लिहिलंय "अशा मुलांना बिझी ठेवायला छान". अहो, इथे आधी खेळाचा अंदाज घेऊन वय आणि लेव्हलप्रमाणे गट पाडतात, म्हणजे समोरचा आपल्याच तोडीचा असतो, 12 पॉइंटची गेम असते आणि हरल्यावर ही रात्री जेवत नाही. 2023 ला बर्लिनच्या स्पेशल ऑलिम्पिक्स वर्ल्ड गेम्सहून आपले भारताचे खेळाडू 202 मेडल घेऊन आले ते काय बिझी राहून?

घ्यायचाच तर डायमीटर विचारा, आणि चार-चार बॉल दोनच रंगांत येतात तो सेट बघा. महाग पडतो, आम्ही शेवटी तिच्या बॅचमधल्या दोन घरांनी मिळून घेतला. हा छोटा आता माझा भाचा गच्चीवर खेळतो, ही त्याला हातही लावत नाही, "तो लहान मुलांचा आहे" म्हणते.