डब्ल्यूएचएममधलं ‘सेंडर व्हेरिफिकेशन कॉलआउट’: पाचपैकी दोन गुण

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या ज्या छोट्या कारखान्यांचा मेल सीपॅनेलच्या (होस्टिंग सांभाळायच्या सॉफ्टवेअरच्या) सर्व्हरवर आहे, त्यांनी मेल पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का हे तपासणारी ही सोय बंदच ठेवावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

डब्ल्यूएचएम म्हणजे सीपॅनेलचा सर्व्हर-चालकासाठीचा भाग. त्यातल्या एक्झिम (मेलची ने-आण करणारा प्रोग्रॅम) कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये दोन वेगळे पर्याय आहेत. साधं ‘सेंडर व्हेरिफिकेशन’ पाठवणाऱ्याचं डोमेन डीएनएसमध्ये (इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत) सापडतं का, एवढंच पाहतं. ते चालू हवंच. ‘कॉलआउट’ मात्र पाठवणाऱ्याच्या एमएक्स (त्या डोमेनचा मेल घेणाऱ्या) सर्व्हरला पोर्ट २५ वर, म्हणजे सर्व्हरांमधल्या मेलच्या दारावर, जाऊन विचारतं: ‘मेल फ्रॉम’ रिकामं ठेवून ‘आरसीपीटी टू’मध्ये त्याचाच पत्ता देतं. तिकडून ५५० (कायमचा नकार) आलं की मेल परत, ‘सेंडर व्हेरिफाय फेल्ड’ असा शेरा मारून.

यात बनावट पत्ते थोडेफार अडतात, पण खऱ्या ऑर्डरीही अडतात. वेबसाइटचा फॉर्म किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर ‘नोरिप्लाय’ पत्त्यावरून मेल पाठवतं आणि त्या नावाची मेलबॉक्सच कुणी उघडलेली नसते. काही सर्व्हर रिकामा प्रेषक नाकारतात, तेही आरएफसी ५३२१ (ईमेलचं प्रमाण नियमपत्र) तो स्वीकारायला सांगत असताना. समोर ग्रेलिस्टिंग (अनोळखी मेल आधी तात्पुरता नाकारणं) असेल तर ४५१, म्हणजे ‘नंतर या’, मिळतं आणि मेल रखडतो. शिवाय स्पॅमवाल्याने तुमच्या गिऱ्हाइकाचं डोमेन चोरून वापरलं, की त्या बिचाऱ्याच्या सर्व्हरवर विनाकारण चौकश्यांचा मारा होतो. हे आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं.

तुमचाच मेल असा परत येत असेल, तर ‘नोरिप्लाय’ची मेलबॉक्स किंवा फॉरवर्डर (मेल दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारी सोय) उघडा. मग दुसऱ्या सर्व्हरवरून (घरच्या ब्रॉडबँडवर पोर्ट २५ बहुधा बंद असतं) टेलनेटने (सर्व्हरला थेट हुकूम टाइप करायच्या प्रोग्रॅमने) आपल्या एमएक्सला जोडून ‘मेल फ्रॉम’ आणि ‘आरसीपीटी टू’ हेच दोन हुकूम द्या. २५० (होकार) यायला हवं. तरीही समोरचा लगेच मेल घेईलच असं नाही: एक्झिम एखाद्या पत्त्याचा नकार मूळ सेटिंगनुसार २ तास लक्षात ठेवतो. दुरुस्ती बरोबर असूनही लोक इथेच घाबरून नव्या सेटिंगा उलटसुलट करतात. तेवढा वेळ थांबा.

नकारात ५.७.२६ दिसलं, तर कॉलआउटचा संबंध नाही; जीमेलला तुमचं एसपीएफ (तुमच्या डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात याची डीएनएस नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) पटलेलं नाही. डोमेनवर एसपीएफच्या दोन नोंदी झाल्या आहेत का, ते आधी तपासा. एकच ठेवायची असते.

सर्व्हर तुमचा असेल आणि कॉलआउट चालूच ठेवायचं असेल, तर नेहमीच्या गिऱ्हाइकांचे आयपी ‘सेंडर व्हेरिफिकेशन बायपास’च्या यादीत टाका.