कंपनी बुडाली, गाडी चालू आहे: मोटरहोमचा १९ महिन्यांचा अनुभव

मोटरहोम, म्हणजे पलंग, ओटा आणि कमोड असलेली राहायची गाडी, जानेवारी २०२४ मध्ये घरी आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती बांधणारी कंपनी बुडाली. मीटरवर आज १८,४०० किलोमीटर आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त कंपनी गेल्यानंतरचे. कंपनीकडे अडकलेल्या पैशांचा आमचा दावा अजून निकाली निघालेला नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

हिंगणघाट तालुक्यातल्या कृषी केंद्रवाल्याने मोटरहोम कशाला घेतली, हे सगळेच विचारतात. २०२२ मध्ये आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिला खाली बसता येत नाही. शेगावला जायचं ठरलं की ती आदल्या रात्रीपासून पाणी बंद करायची. वाटेत कमोड मिळेलच याचा भरवसा नाही आणि ऐंशीच्या घरातली बाई धाब्यामागे कुठे जाणार? दोनदा तिला गाडीतच चक्कर आली. तिसऱ्या वेळी "मी नाही येत, तुमी जा" म्हणाली आणि देवघराकडे तोंड करून बसली. गाडी घ्यायचं त्या दिवशी ठरलं. पाच एकर विकून आणि थोडं कर्ज काढून घेतली.

ट्रॅव्हलर मिनीबसच्या चेसिसवर, म्हणजे इंजिन-चाकांच्या सांगाड्यावर, बांधलेली बॉडी. मागे आडवा पलंग, मधे ओटा, डाव्या बाजूला कमोडची खोली. आईची व्हीलचेअर वर घ्यायला लिफ्ट नंतर बसवून देणार होते. तिचे १,८५,००० रुपये आगाऊ घेतले, लिफ्ट आलीच नाही.

कंपनी बुडते तेव्हा ग्राहकाला सगळ्यात शेवटी कळतं. आधी सर्व्हिसचा माणूस "पुढच्या आठवड्यात येतो" म्हणत राहिला, मग फोन उचलेनासा झाला, मग गाडीच्या अ‍ॅपला ओटीपी येईना. पेपरातली जाहीर सूचना एका ओळखीच्या माणसाने आणून दाखवली तेव्हा उलगडा झाला. मी जिल्हा ग्राहक आयोगात जायच्या तयारीत होतो. वकिलांनी थांबवलं. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात कलम १४ आहे, प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धचे बाकी सगळे दावे स्थगित होतात. आपण करायचं ते एवढंच की कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरीचं काम बघायला नेमलेल्या व्यावसायिकाकडे मुदतीत दावा लावायचा. आमचा फॉर्म एफ होता, म्हणजे बँका, पुरवठादार, कामगार सोडून इतरांसाठीचा, पावती आणि बँकेचं स्टेटमेंट जोडून ईमेलने पाठवला. पोच आली, ती जपून ठेवली आहे. पैसे परत येतील अशी आशा मात्र मी धरलेली नाही. कंपनी मोडीत काढून तिची मालमत्ता विकायची वेळ आली तर कलम ५३ ची रांग लागते: प्रक्रियेचा खर्च, कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, बिनतारणी कर्ज देणारे, सरकार. आपण त्यांच्याही मागे उभे.

खरं दुःख पैशाचं नव्हतंच, कंट्रोल बोर्डाचं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये, ताडोबाच्या वाटेवर, भिंतीवरचा टचस्क्रीन काळा पडला. दिवे, पाण्याचा पंप, टाकीची पातळी, पंखा, सगळं त्या एका बोर्डावर. टाकीत ९० लिटर पाणी आणि नळाला थेंब नाही. तो बोर्ड त्याच कंपनीचा, बाजारात दुसरा मिळत नाही, आणि आतला प्रोग्रॅम कोणाकडेच नाही. गावातला ट्रॅक्टरचं वायरिंग करणारा मुलगा आला, पॅनल उघडलं, तर आतल्या सगळ्या वायरी पांढऱ्या. एकीवरही खूण नाही. टेस्ट लॅम्प घेऊन एकेक वायर शोधत आम्ही दोन दिवस बसलो. तो ओरडायचा "बाथरूमचा दिवा!" आणि मी दुकानाच्या उधारीच्या वहीत लिहायचो. शेवटी बोर्ड बाजूला काढला. साधे बटण, प्रत्येकाला वेगळा फ्यूज, पंपाला १० अँपियरचा. टाकीची पातळी आता पारदर्शक नळीतून दिसते. खर्च ४,२०० रुपये. बिघाड झाला तर हे वायरिंग आर्वीपासून अहेरीपर्यंत कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन उघडू शकतो. वहीतला तो आराखडा लॅमिनेट करून ओट्याच्या दाराला आतून चिकटवला आहे.

बॅटरीचं प्रकरण कंपनी जिवंत असतानाचं आहे. मे २०२४, दुपारचे दोन, छतावर सोलर तापलेलं आणि चार्जिंग शून्य. संध्याकाळी मात्र चालू. कंपनी म्हणाली, बॅटरी बदलावी लागेल, बघू. बॅटरी चांगलीच होती. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या बनावटीप्रमाणे साधारण ४५ ते ६० अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात, म्हणून आतला बीएमएस, म्हणजे बॅटरी जपणारं सर्किट, चार्जिंग तोडतो. आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५-४६ अंश असतं, आणि बॅटरी ठेवलेली पलंगाखालच्या बंद पेटीत. पेटीला दोन बाजूंनी जाळी कापली, १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे लावले, एक हवा आत घेणारा, एक बाहेर फेकणारा. गाडी सावलीला लावली की यंदाच्या उन्हाळ्यात चार्जिंग एकदाही तुटलं नाही. विदर्भासाठी गाडी बांधणाऱ्याने हे आधीच करायला हवं होतं.

आता छत. यावर मी जरा जास्त लिहितो, कारण गाडी मरते ती छतातून. जुलै २०२४ मध्ये पलंगाच्या उशाला ओल दिसली. कंपनीचा मुलगा आला आणि जिथे ओल होती त्याच्या बरोबर वर साध्या सिलिकॉनचा थर मारून गेला. पुढच्या जुलैत गादी भिजली. तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. नागपूरला एसटी आणि खासगी बसच्या पुढच्या काचा बसवणारा एक मिस्त्री आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने छतावर झोपून एकेक सांधा बोटाने चाचपला आणि म्हणाला, "पानी दिसते तिथून येत नसते, काकाजी." गळती उशापासून चार फूट पुढे होती, हवेच्या झरोक्याच्या चौकटीला. उन्हाने सीलंटला केसासारखी चीर गेली होती. पाणी दोन पत्र्यांमधल्या फोममधून सरकत मागे यायचं. त्याची सगळी मेहनत नवं लावण्यात गेली नाही, जुनं काढण्यात गेली. सिलिकॉनवर दुसरं काही धरत नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून, पुसून, परत खरवडून सगळं स्वच्छ केलं. मग झरोका उचलून खाली बुटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), वरून काचेला वापरतात तेच पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. मजुरीसकट ६,८०० रुपये. यंदा ऑगस्टची झड लागली तरी आतला फोम कोरडा आहे, मी दर आठवड्याला हात लावून बघतो. तुमच्या गाडीच्या छतावर कोणी हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन मारायला निघाला तर त्याला खाली उतरवा.

इंजिन आणि ब्रेकचं कामच पडलं नाही, चेसिसची सर्व्हिस नेहमीसारखी होते. फ्रीज, इन्व्हर्टर, बॅटरी यांच्या बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, त्यांची वॉरंटी त्यांच्याकडे चालते, पण बिल मागतात. माझ्याकडे गाडीचं एकच ढोबळ बिल होतं, त्यामुळे इन्व्हर्टरची वॉरंटी गेली. गाडी ताब्यात घेताना प्रत्येक वस्तूचं बिल आणि सिरीयल नंबरचा फोटो घ्याच.

परत घ्यायची वेळ आली तर घेईन का? घेईन. पण बांधणाऱ्याच्या शोरूममध्ये न बसता त्याच्या शेडमध्ये जाईन, अर्धी बांधलेली गाडी बघेन, वायरी रंगीत आहेत का ते बघेन, आणि ज्या वस्तूचा सुटा भाग नागपूरच्या इतवारीत मिळत नाही ती गाडीत बसवू देणार नाही.

फेब्रुवारीत आईला शेगावला नेलं. समृद्धीने कारंजापर्यंत, पुढे अकोल्यावरून. मूर्तिजापूरच्या अलीकडे तिने मागून आवाज दिला, "पानी दे रे." अख्खा तांब्या प्यायली. मी आरशात बघत होतो, गाडी हळू केली.

लिफ्टच्या जागी आधी रॅम्प करायचा विचार होता. पण गाडीची फळी जमिनीपासून २६ इंच. व्हीलचेअरला इंचामागे फूटभर उतार धरला तर २६ फुटांचा रॅम्प लागतो. तो सोडून दिला. गावातल्या वेल्डरने साडेसहा इंचांचे चढ पडतील अशा तीन रुंद पायऱ्या केल्या, दोन्ही बाजूंना कठडा, दुमडून गाडीखाली सरकतात. ११,५०० रुपये. आई दोन्ही हातांनी कठडा धरून चढते, मी मागे उभा असतो. डावा कठडा तिला दोन इंच खाली हवा आहे, त्या हाताला जोर कमी पडतो. पायऱ्या सध्या वेल्डरकडेच आहेत.