रिटर्न लाइनमधील चेक व्हॉल्व्ह : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, सम्पमधून (खालच्या टाकीतून) पंपाने पाणी वरच्या टाकीत नेणाऱ्या नळात, म्हणजे रिटर्न लाइनमध्ये, चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवून आता बरेच महिने झाले आहेत आणि या काळात माझे मत पक्के झाले आहे. हा व्हॉल्व्ह उपयोगी आहे, परंतु त्याच्या भरवशावर सम्पमधील मोकळी जागा कमी करू नये. विकत घेताना बहुतेकांच्या मनात नेमका उलटा विचार असतो, म्हणून हे आधीच सांगितले.

पंप बंद पडला की वरच्या टाकीतून पाणी दोन वाटांनी खाली येते. ओव्हरफ्लोच्या (वरच्या टाकीतील जादा पाणी सम्पमध्ये सोडणाऱ्या पेटीच्या) कडेच्या वर असलेला पाण्याचा थर आपोआप उतरतो. त्याच्याशी चेक व्हॉल्व्हचा काहीही संबंध नाही. दुसरी वाट रिटर्नच्या नळाची. नळाचे तोंड पाण्यात बुडालेले असल्यामुळे तेथे उलटा सायफन सुरू होतो आणि तोंड उघडे पडून हवा आत शिरेपर्यंत तो थांबत नाही. माझी वरची टाकी १२० सेंमी लांब आणि ५० सेंमी रुंद आहे, म्हणजे पातळीतील प्रत्येक सेंटिमीटर सहा लिटरचा. कडेवरचा थर एक सेंटिमीटरचा आणि नळाचे तोंड कडेपासून चार सेंटिमीटर खाली धरले, तर अनुक्रमे ६ आणि २४ लिटर पाणी उतरते. २५ मिमी आतील व्यासाच्या दोन मीटर नळात जेमतेम एक लिटर मावते; नळातील पाण्याची धास्ती घेणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा. माझा सम्प ७५ बाय ४० सेंमीचा असल्याने ३० लिटर पाणी म्हणजे तेथील पातळीत दहा सेंटिमीटरची वाढ, आणि ओव्हरफ्लोच्या पेटीतून व उतरत्या नळांतून येणारे पाणी त्याशिवाय. व्हॉल्व्ह नीट मिटला तर यातील २४ लिटर वरच राहतात. सम्पची पातळी फारशी चढत नसल्याने स्किमर (पाण्यातील घाण फेसासोबत कपात गोळा करणारे उपकरण) बुडत नाही आणि वीज परत आल्यावर त्याचा कप उतू जात नाही. हा फायदा मला प्रत्येक वेळी मिळाला आणि व्हॉल्व्ह ठेवण्याचे माझे खरे कारणही हेच आहे.

मी पारदर्शक पीव्हीसीचा, दोन्ही बाजूंना युनियन (हाताने सोडवता येणारा जोड) असलेला आणि आत रबरी झडप असलेला व्हॉल्व्ह निवडला. स्प्रिंगचा प्रकार मुद्दाम टाळला. अर्ध्या पीएसआय दाबाला उघडणारी स्प्रिंग म्हणजे पंपावर सुमारे ३५ सेंमी जास्तीच्या उंचीचा भार, आणि स्प्रिंग धातूची असेल तर खाऱ्या पाण्यात गंजण्याची भीती वेगळीच. पितळी व्हॉल्व्हचा तर विचारही करू नये, कारण त्यातून सुटणारे तांबे प्रवाळांना आणि कोळंबीला घातक ठरते. झडपेच्या प्रकारातही प्रवाहाला अडथळा होतोच. तो ढोबळमानाने दोन-तीन एल्बोंइतका (नळाच्या काटकोनी वळणांइतका) असतो. पंप पूर्ण वेगाने चालू असताना मला तो जाणवला नाही. मात्र डीसी पंपाचा वेग रात्री बराच उतरवला, तेव्हा झडप अर्धवट उघडून टकटक करू लागली. वेग थोडा वाढवताच आवाज थांबला.

बसवण्याची जागा फार महत्त्वाची आहे. उभ्या नळात प्रवाह खालून वर जात असेल तेथेच झडप स्वतःच्या आणि वरच्या पाण्याच्या वजनाने मिटते. आडव्या नळात बसवायची झाल्यास बिजागरी वरच्या बाजूला हवी. मी ती पंपाच्या थोडी वर, हात सहज पोहोचेल अशा ठिकाणी बसवली आणि तिच्यावर एक बॉल व्हॉल्व्ह ठेवला. तो बंद केला की नळातले पाणी अंगावर न घेता युनियन सोडवता येतात. हा बॉल व्हॉल्व्ह नसता, तर मी साफसफाई पुढे ढकलत राहिलो असतो असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आणि या उपकरणाचे सारे यश साफसफाईवरच अवलंबून आहे. नवीन असताना झडप इतकी घट्ट मिटत असे, की पंप बंद करून बराच वेळ थांबले तरी वरची पातळी कडेखाली उतरत नसे. काही आठवड्यांनी ती हळूहळू उतरू लागली. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा झडप जेथे टेकते त्या कडेवर चुन्याचा खरखरीत थर आणि बारीक पांढऱ्या नळ्या करून राहणारे कृमी दिसले. रिटर्न लाइनमध्ये अन्नकण सतत वाहत असतात आणि पाण्यात कॅल्शियम भरपूर असते, त्यामुळे अशा जीवांना याहून सोयीची जागा नाही. शिवाय आपल्या टाक्यांमध्ये झडपेला दाबून धरणारा पाण्याचा स्तंभ जेमतेम दीड मीटरचा, म्हणजे सुमारे ०.१५ बारचा असतो. एवढ्या कमी दाबाखाली वाळूचा एखादा कणही झडप किलकिली ठेवण्यास पुरेसा होतो. पारदर्शक भागावर उजेड पडला की आत शेवाळही धरते, म्हणून मी त्यावर काळे कापड गुंडाळतो; शेवाळ त्याने थांबले, कृमी मात्र अंधारातही वाढतातच.

सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात किंवा व्हिनेगरमध्ये भाग बुडवून ठेवले की चुना बुडबुडे सोडत विरघळतो. नंतर मऊ ब्रश पुरतो. पातीने खरवडू नये, कारण टेकणीच्या कडेवर पडलेला ओरखडा कायमची गळती होऊन बसतो. ओ-रिंगला (जोडातील रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस लावावे. पेट्रोलियम जेलीने ईपीडीएम रबर फुगते. पुन्हा जोडल्यावर झडपेखाली हवा अडकते आणि वरच्या पाण्याच्या दाबामुळे पंपाला ती रेटता येत नाही, म्हणून खालची युनियन क्षणभर सैल करून हवा जाऊ द्यावी.

सम्पच्या काचेवर मी चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या आहेत : एक झडप नीट मिटल्यावर येणाऱ्या पातळीची, दुसरी झडप पूर्ण निकामी आहे असे धरून येणाऱ्या पातळीची. दुसरी खूण काचेच्या वरच्या कडेपासून सुरक्षित अंतरावर आहे याची खात्री व्हॉल्व्ह लाइनमध्ये नसतानाच करून घेतली होती. दर महिन्याला पंप बंद करून पाणी कोणत्या खुणेकडे सरकते ते पाहतो. पहिल्या खुणेच्या वर चढू लागले की व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ झाली असे समजतो.

नळाला पाण्याच्या पृष्ठभागालगत छिद्र पाडून सायफन तोडण्याचा उपाय बिनखर्चाचा आहे आणि तोही मी ठेवला आहे. फक्त ते छिद्र शेवाळाने बुजत नाही ना, हे बघावे लागते. नळाचे तोंड पृष्ठभागाच्या जवळ आणता येत असेल आणि सम्प प्रशस्त असेल, तर चेक व्हॉल्व्हची मुळीच गरज नाही. माझ्या टाकीत प्रवाळांच्या मांडणीमुळे तोंड खाली ठेवावे लागते, म्हणून मी तो ठेवणार आहे आणि सोबत एक जादा झडप व ओ-रिंगचा संचही, कारण रबर कडक झाल्यावर कितीही साफ केले तरी ते पूर्वीसारखे टेकत नाही.