केटी काढायच्या, मुक्त विद्यापीठात जायचे, की पदवी सोडायची?

तिसऱ्या वर्षाला चार-पाच विषय राहिले (यांनाच केटी म्हणतात), घरी पैशांची गरज होती म्हणून नोकरी धरली आणि कॉलेज सुटले. अशी मुले-मुली महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. दोन वर्षांनी जाहिरातीत 'कोणत्याही शाखेची पदवी' ही अट दिसते आणि मग तोच प्रश्न नव्याने उभा राहतो. हे लिहितोय ते बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांसाठी. इंजिनिअरिंगची पदवी दूरशिक्षणाने देण्याची परवानगीच नाही, त्यामुळे त्यांना राहिलेले विषय काढण्यावाचून पर्याय नाही.

आधी तुमचे वय बघा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. बँकेच्या लिपिक भरतीत खुल्या प्रवर्गाला 28 वर्षांची मर्यादा आहे, प्रोबेशनरी ऑफिसरला 30, केंद्रीय नागरी सेवेला 32 आणि राज्यसेवेला 38. मागास प्रवर्गांना यात सवलत आहे. समजा तुम्ही 25 वर्षांचे आहात. केटी वर्षभरात निघाल्या तर 26व्या वर्षी पदवी हातात येते आणि लिपिक परीक्षेच्या एक-दोन संधी मिळतात. पहिल्या वर्षापासून पुन्हा सुरुवात केलीत तर पदवी मिळेपर्यंत 28 उजाडते आणि खुल्या प्रवर्गासाठी तो दरवाजा जवळपास बंद होतो. राज्यसेवेचा मात्र पुढे दहा वर्षे उघडा असतो.

म्हणून सहा-सात विषयांपर्यंत राहिले असतील तर माझे मत पक्के आहे: स्वतःच्या कॉलेजातून तेच काढा. परीक्षा शुल्क भरायचे, तासांना बसायची गरज सहसा नसते आणि आधी पास केलेले सगळे जमेस राहते. अडचण वेगळीच आहे. प्रत्येक विद्यापीठ पदवी पूर्ण करायला कमाल वर्षे ठरवून देते आणि ती सगळीकडे सारखी नसतात. शिवाय 2024-25 पासून संलग्न कॉलेजांतही नवे शैक्षणिक धोरण आल्याने अभ्यासक्रम बदललाय. जुन्या पॅटर्नच्या परीक्षा मोजक्याच वेळा होतात. त्यामुळे सगळ्या गुणपत्रिका आणि पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) घेऊन परीक्षा विभागात जा आणि दोनच गोष्टी विचारा: माझी मुदत कधी संपते, आणि माझ्या पॅटर्नची शेवटची परीक्षा कधी आहे? मित्राने सांगितलेल्या तारखेवर राहू नका. एका सत्राचा फॉर्म चुकला म्हणून शेवटची संधी जावी, याचे मला फार वाईट वाटते, कारण ते टाळता येण्यासारखे असते.

मुदत संपली असेल, किंवा विषयच इतके राहिलेत की काढून संपणार नाहीत, तर मुक्त विद्यापीठ. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 सालचे, इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 चे. मराठी माध्यमातून शिकलेल्याला नाशिकचे सोपे जाते, कारण पुस्तके आणि परीक्षा मराठीत असतात. इग्नूत बरेचसे साहित्य हिंदी-इंग्रजीत, पण प्रवेश जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा, परीक्षा जून आणि डिसेंबरला. तीन वर्षांची पदवी तिथे सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते; शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला किंवा लहान मूल असलेल्या बाईला याचा मोठा आधार आहे. जुन्या कॉलेजचे गुण धरतात का, हे फी भरण्याआधी विचारा, नंतर नको.

'मुक्तची पदवी चालते का?' ही भीती मात्र सोडून द्या. मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. स्पर्धा परीक्षांना ती चालते. काही खासगी कंपन्या अजून नाक मुरडतात, तिथे कामाचा अनुभव दाखवावा लागतो. खरा त्रास एवढाच की मागे लागणारे कोणी नसते आणि स्वाध्यायांच्या तारखा निघून जातात.

'एका वर्षात पदवी' अशी पाटी लावलेल्या एजंटकडे मात्र कृपा करून जाऊ नका. परराज्यातल्या कुठल्या तरी विद्यापीठाचा कागद मिळतो आणि नोकरीत कागदपत्र पडताळणीच्या दिवशी सगळे अंगाशी येते. ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षी तो अभ्यासक्रम आयोगाच्या दूरशिक्षणाच्या यादीत आहे का, हे संकेतस्थळावर फुकट बघता येते.

तिसरा मार्ग पदवी सोडण्याचा. त्याला मी कमीपणा मानत नाही. आयटीआय करून कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेल्या मुलाला पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन मिळते. पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते. तलाठी किंवा फौजदार व्हायचे असेल तर मात्र पदवीशिवाय अर्जच भरता येत नाही. नव्या धोरणात शिकणाऱ्यांना एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते आणि क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे श्रेयांक, सात वर्षांपर्यंत जमा राहतात. जुन्या पॅटर्नवाल्यांना ही सोय आपोआप लागू होत नाही.

बीकॉमच्या दोन-तीन केटीच उरल्या असतील तर घरी बसून फक्त अभ्यास करू नका. गावातल्या कर सल्लागाराकडे अर्धा दिवस जा, टॅली हे हिशोबाचे सॉफ्टवेअर आणि जीएसटीचे विवरणपत्र भरायला शिका. निकाल लागेल तेव्हा हातात वर्षभराचा अनुभवही असेल. आणि पास झालात की पदवी प्रमाणपत्राचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तो त्याच वर्षी भरून टाका.