नौपाड्यातलं रॅकेट गटिंग: दोन दिवस थांबा, पण इथेच द्या

माझी मुलगी टीवायला आहे, सातवीपासून टेनिस खेळते. गेल्या पावसाळ्यात तिचं कोपर दुखायला लागलं. तोवर आम्ही गटिंग, म्हणजे रॅकेटमध्ये तारा (गट) विणून ताणून घेणं, दुसरीकडे करून घ्यायचो. तिथे कुणी काही विचारत नसे. रॅकेट घ्यायची, साठ पौंडांवर ताणायची आणि संध्याकाळी परत द्यायची. एकदा तर फ्रेमला केसाएवढी चीर घेऊन रॅकेट घरी आली.

मग तिच्या मैत्रिणीच्या आईने ठाण्यात राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीतलं हे दुकान सांगितलं. जुन्या इमारतीचा तळमजला, एकच खोली, मधोमध मशीन आणि भिंतीवर गटाची रिळं. दुकान चालवणाऱ्या सरांनी साठी ओलांडली आहे. रॅकेटच्या आधी त्यांनी मुलीचा तळहात बघितला, घट्टे कुठे पडलेत ते. आठवड्यातून किती दिवस खेळतेस, कोपर सर्व्ह करताना दुखतं की बॅकहँडला, हेही विचारलं. मग म्हणाले, "वहिनी, हे पॉली गट आहे, कडक पॉलिएस्टरचं. तुटत नाही म्हणून तुम्ही चालू ठेवता, पण त्यातला जीव कधीच गेलाय. त्यात इतकं कडक ताणलेलं. सगळा धक्का हातात येतो."

जुनं गट कापताना त्यांनी मधून सुरुवात केली. एक उभी, एक आडवी, असं कडेकडे. एकाच बाजूने कापत गेलं की फ्रेमवर ताण वेडावाकडा येतो, म्हणाले. आमची चीर कशाने पडली असेल ते मला तेव्हा कळलं. मऊ मल्टिफिलामेंट (बारीक तंतूंचं) गट घातलं, बावन्न पौंडांवर. महिनाभरात दुखणं उतरलं. तिने विश्रांतीही घेतली होती, त्यामुळे सगळं श्रेय मी गटाला देणार नाही.

हे काम ते शिकले अमेरिकेत. एका कॉलेजात एमए करताना टेनिस संघाचे ग्रॅज्युएट असिस्टंट होते. फी माफ, वर थोडा भत्ता, आणि बदल्यात मॅचच्या आदल्या रात्री रॅकेटी ताणायच्या, व्हॅन चालवायची, मुलांच्या जेवणाचं बघायचं. पुढे सहायक कोच, मग मुख्य कोच. वडील थकले म्हणून ठाण्याला परतले. कॉलेज टेनिसमधलं मला एवढंच ठाऊक होतं की सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ला एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, एकेरी जिंकली. सरांनी सांगितलं ते मात्र डोक्यात बसलं. तिथल्या दोन संघांच्या सामन्यात सहा एकेरी असतात, प्रत्येकीला एक गुण, आणि तीन दुहेरी मिळून एक गुण. एक नंबरची मुलगी जिंकली काय आणि सहा नंबरची जिंकली काय, गुण तेवढाच. "म्हणून कोच सहाव्या मुलीला किती वेळ देतो ते बघायचं." मुलांच्या संघाला त्यांच्या काळात साडेचारच स्कॉलरशिपा असत. त्या आठ-दहा जणांत वाटताना झोप उडायची, असं म्हणाले.

माझ्या मुलीला कोच व्हायचंय आणि मला काळजी होती पोटापाण्याची. सरांनी तिला गोड बोलून फसवलं नाही. आपल्याकडे कॉलेजात फक्त टेनिससाठी कायमची नोकरी क्वचितच मिळते. क्रीडा संचालक व्हायचं तर साधारणपणे एमपीएड (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी, आणि मग कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं तुझ्याच गळ्यात. फक्त टेनिसच शिकवायचं असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा कर. "पण आधी सहा महिने दहा वर्षांखालच्या पोरांना लहानांच्या मऊ लाल बॉलने शिकव. कंटाळा आला नाही तर फॉर्म भर." असा सल्ला फी देऊनही मिळाला नसता.

तक्रारी आहेतच. दोन दिवस लागतात, हिवाळ्यात स्पर्धा सुरू झाल्या की चार. फोन उचलत नाहीत. गाडी लावायला जागा नाही, स्टेशनवरून चालत या. आमच्याकडून मजुरी साडेतीनशे घेतली, गट वेगळं. रॅकेटच्या गळ्याशी तारीख आणि पौंड लिहिलेली चिठ्ठी चिकटवून देतात, ती काढू नका.

मुलगी आता शनिवारी त्यांच्याकडे गटिंग शिकायला जाते. परवा तिने स्वतःची रॅकेट पूर्ण ताणली. सरांनी ती उजेडात धरली, एक आडवी तार एकीवरून, एकीखालून जायच्या ऐवजी दोन उभ्यांच्या लागोपाठ वरून गेली होती. काही न बोलता त्यांनी कात्री तिच्या हातात दिली. तिने मधून कापायला सुरुवात केली.