रियाजासाठी हातात मावणारा रेकॉर्डर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सहाव्या महिन्यात बॅटरीच्या झाकणाची खाच तुटली. खाच दोन मिलिमीटरची, प्लास्टिकची, आणि तिच्यावर दोन सेलांच्या स्प्रिंगचा सगळा ताण. सेवा केंद्रात 'फिजिकल डॅमेज' असा शेरा मारला, वॉरंटी नाकारली आणि मागचं अख्खं पॅनेल बदलायचे २,२०० रुपये सांगितले. नऊ हजारांच्या वस्तूला झाकणापायी एवढे पैसे देणं पटलं नाही. पंधरा रुपयांची वेल्क्रो पट्टी आवळून काम चालतं. रबरबँड मात्र लावू नका. तो सैल पडला की रेकॉर्डिंग चालू असताना सेलाचा संपर्क क्षणभर सुटतो, फाइल अर्धवट बंद होते आणि तासाभराचा रियाज उघडतच नाही. यूएसबीवर चालवायचा तर पॉवर बँक घ्या. भिंतीतल्या चार्जरवर बऱ्याचदा बारीक घरघर येते आणि ती थेट तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या स्वराच्या तारेत मिसळते.

पण झाकणापेक्षा मोठी तक्रार मागच्या बाजूच्या सरकत्या बटणाबद्दल आहे. 'ऑटो लेव्हल'चं हे बटण तांदळाच्या दाण्याएवढं आहे, पिशवीतून रेकॉर्डर काढताना नकळत सरकतं आणि ते चालू आहे की बंद हे पडद्यावर कुठेही दिसत नाही. बाकीची वैशिष्ट्यं सगळीकडे लिहिलेली आहेत. हे कुणी लिहीत नाही, आणि हौशी गायकाचं खरं नुकसान इथेच होतं.

ऑटो लेव्हल चालू असताना आवाज वाढला की यंत्र माइकची पातळी खाली ओढतं आणि आवाज थांबला की एक-दोन सेकंदांत परत वर नेतं. भाषणासाठी ते ठीक आहे. गाण्यात मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) आणि तार षड्ज (वरचा सा) एकाच जोराचे ऐकू येतात, त्यामुळे स्वराचा लगाव, म्हणजे तो कसा लावला ते, कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे तार षड्ज लावला की तानपुरा खाली दबतो आणि श्वास घेतला की उसळून वर येतो. सूर चढा (हवा त्यापेक्षा वर) लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असते ती जोर लावून वर गेल्यावर. नेमकं तिथेच ताडून पाहायला लागणारा तानपुरा पुसट होतो, चूक झाकली जाते आणि 'वरचा सा बरा लागतोय' असा गैरसमज महिनोन्‌महिने टिकतो.

फोनवर हाच प्रकार आणखी वाईट. कॉलसाठी बनवलेली गोंगाट काढणारी यंत्रणा रेकॉर्डर अ‍ॅपमध्येही चालू असली, तर सलग वाजणारा तानपुरा तिला पंख्यासारखा गोंगाट वाटतो आणि ती तो खाऊन टाकते. उरतो नुसता गळा. तानपुऱ्याशिवाय ऐकलेला गळा जवळजवळ नेहमीच सुरेल वाटतो, कारण षड्जच कणभर खाली सरकला तर बाकीचे स्वर त्याच्याबरोबर सरकतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून खरेदीआधी तुमच्या फोनची ही दोन मिनिटांची परीक्षा करा. खोलीत तानपुरा लावा, एक मिनिट काहीही न गाता रेकॉर्ड करा. पाच-दहा सेकंदांनी तानपुरा विरत गेला तर गोंगाट काढणं चालू आहे. मग पुन्हा रेकॉर्ड करताना माइकपासून फूटभरावर एक जोरदार टाळी वाजवा. टाळीनंतर तानपुरा दबून हळूहळू वर आला तर ऑटो लेव्हल चालू आहे. अँड्रॉइडच्या काही रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये माइकचा स्रोत निवडता येतो. तिथे 'अनप्रोसेस्ड' करून परीक्षा पुन्हा घ्या. फोन दोन्हींत उत्तीर्ण झाला तर नऊ हजार वाचवा, रेकॉर्डर घेऊ नका. हे मनापासून सांगणं आहे.

रेकॉर्डर घेतलाच असेल तर मांडणी अशी: तोंडापासून दोन ते अडीच फुटांवर, छातीच्या उंचीला, तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'भ'ची फुंकर माइकवर आदळत नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी चार फुटांवर, दुसऱ्या बाजूला. पातळी हाताने लावा. तुमचा सर्वांत मोठा तार स्वर लावून काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि मग तिला हात लावू नका. २४ बिटमध्ये हळू आवाजही स्वच्छ उतरतो, त्यामुळे 'आवाज लहान येतोय' या भीतीने पातळी वाढवायची गरज नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण एक जीबी होते, म्हणजे ३२ जीबीचं कार्ड तीसेक तास पुरतं. चार्ज होणारे सेल वापरत असाल तर मेनूत सेलाचा प्रकार बदला, नाहीतर बॅटरीचं चिन्ह खोटं बोलतं. लो-कट (खालचे आवाज कापणारी सोय) ८० हर्ट्झच्या वर नेऊ नका. काळी एकच्या (पेटीची पहिली काळी पट्टी 'सा' धरलेल्या) पुरुषी तानपुऱ्यात खर्जाची तार ६९ हर्ट्झवर असते. ८० च्या लो-कटने ती थोडी हलकी होते, १२० च्या लो-कटने तिचा पायाच जातो.

दुसऱ्या महिन्यात स्टिरिओ हा फुकटचा डामडौल वाटला होता. ते मत बदललं. तानपुरा एका कानाकडे आणि गळा मध्ये ऐकू आला की दोन्ही वेगळे धरता येतात, कणसुरा, म्हणजे कणभर हुकलेला गंधार चटकन सापडतो. एका कानात इअरफोन घालून ऐकलं तर हा फायदा शून्य.

रेकॉर्डरबरोबर बरेच जण ट्यूनर अ‍ॅपही वापरतात, त्याबद्दल सावधगिरी हवी. ही अ‍ॅप सप्तकाचे बारा सारखे भाग धरतात. तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणारा गंधार हा षड्जाच्या सव्वापट असतो आणि तो अ‍ॅपच्या गंधारापेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे त्या बारापैकी एका भागाचा शंभरावा हिस्सा) खाली आहे. काळी एकच्या पट्टीत फरक फक्त १.४ हर्ट्झचा, १७३.२ विरुद्ध १७४.६. पण काटा मधोमध आणायच्या नादात गंधार चढवला तर तुमच्या गंधाराचा चौथा स्वरांश (मूळ स्वराबरोबर आपोआप वाजणारा, त्याच्या चौपट कंपनांचा स्वर) आणि षड्जाच्या तारेचा पाचवा स्वरांश एकमेकांवर घासतात आणि सेकंदाला पाच-साडेपाच ठोके पडल्यासारखी थरथर होते. भूपासारख्या गंधार वादी (मुख्य स्वर) असलेल्या रागात ते कानाला टोचतं. शुद्ध धैवताचंही तसंच, तो साधारण १६ सेंट खाली बसतो. ट्यूनरचा उपयोग एवढाच: गायला सुरुवात करताना आणि पाऊण तासानंतर षड्ज लावून तो सरकला का ते बघणं. बाकी निवाडा तानपुऱ्याचा.

ऐकणं त्याच दिवशी नको. गाताना आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही आपल्याला पोचतो, भरदार वाटतो, आणि ती आठवण ताजी असेपर्यंत कान पक्षपात करतात. दुसऱ्या दिवशी, वही घेऊन. पूर्ण तास ऐकत बसू नका, दहा मिनिटं निवडा. मिनिट-सेकंद, कोणता स्वर, कुठून आलो, चढा की उतरा, आणि श्वासाच्या सुरुवातीला की शेवटी, एवढंच लिहा. पंधरा दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की दुखणं दिसतं. बहुतेकांच्या वहीत दोन गोष्टी निघतात: अवरोहात पंचमावरून मींडेने (स्वर न तोडता घसरत) गंधारावर येताना स्वर अलीकडेच थांबतो, आणि लांब न्यासाच्या (स्वरावर थांबण्याच्या) शेवटच्या सेकंदात श्वास संपत आला की सूर उतरतो. पहिल्याला उपाय म्हणजे मींड बाजूला ठेवून आधी गंधार सुटा लावणं आणि मग त्याच जागी उतरणं. दुसऱ्याला उपाय स्वर दाबून धरणं नाही, तर श्वास संपायच्या दोन सेकंद आधी न्यास सोडणं.

लयीसाठी तबल्याचं अ‍ॅप स्पीकरवर वाजवून तेही रेकॉर्डमध्ये घ्या. मध्यलय तीनताल १६० च्या गतीला एक मात्रा ०.३७५ सेकंदाची. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) दशांश सेकंद उशीर म्हणजे पाव मात्रेहून जास्त. गाताना तो जाणवत नाही, ऐकताना लपत नाही.

माणसांचा अभिप्राय घ्यायचा तर 'कसं झालं?' विचारू नका, 'छान' याखेरीज उत्तर येत नाही. नव्वद सेकंदांचा तुकडा कापा आणि एकच प्रश्न जोडा: 'चाळिसाव्या सेकंदाचा गंधार तानपुऱ्यात मिसळतो का?' लयीचा प्रश्न तबलजींना, शब्द कळले का हा प्रश्न गाणं न शिकलेल्या माणसाला, रागाची चाल फक्त गुरुजींना. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हॉइस मेसेज करू नका, फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर ती दाबली जाते आणि समोरचा ज्यावर मत देतो ते तुमचं गाणंच नसतं.

ऑटो लेव्हलबद्दलचं मतही एका बाबतीत सौम्य झालं. शिकवणीत गुरुजी दोन वाक्यं हळू बोलतात, मग एकदम तान घेतात. तिथे तेच बटण उपयोगी पडतं, कारण तिथे सूर जोखायचा नसतो, सांगितलेलं टिपायचं असतं. घरच्या रियाजासाठी ते बंद करून वर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा. उन्हाळ्यात डिंक सरकतो, तेव्हा टेप दर दोन महिन्यांनी बदला आणि बदलताना बटण जागेवर आहे का ते नखाने चाचपून बघा.